झोनचा एसी सारखा बर्फ धरतोय? गॅस भरण्याआधी सगळे डॅम्पर उघडून बघा

कोल्हापुरातल्या नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडच्या नव्या बंगल्यांत आता डक्टचा एसी दिसू लागलाय. फॉल्स सिलिंगच्या वर एकच मोठं मशीन, त्यातून निघालेले जीआय पत्र्याचे डक्ट, प्रत्येक खोलीच्या वाटेवर मोटरवर उघड-मीट करणारा डॅम्पर आणि भिंतीवर एकेक स्मार्ट थर्मोस्टॅट. एका डॅम्परवर आणि एका थर्मोस्टॅटवर चालणारा घराचा भाग म्हणजे एक झोन. या सगळ्यांच्या मध्ये झोन पॅनल नावाची एक पेटी असते, थर्मोस्टॅटची मागणी ऐकून डॅम्पर आणि मशीन चालवणारी. ती बहुतेक घरात कुठं बसवलीय हेसुद्धा घरच्यांना माहीत नसतं.

या घरांतून येणारी तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते. दिवसा हॉल चालू असतो तोवर एसी झकास. रात्री बाकी सगळं बंद करून एकच बेडरूम चालू ठेवली की तास-दोन तासांत वारा मंदावतो, जाळीवरून थेंब टपकायला लागतात, आणि मग नुसता पंख्याचा आवाज, हवा नाही. सकाळी पीओपीवर ओलीचा डाग. मेकॅनिक येतो, पाइपवरचा बर्फ बघतो, म्हणतो, "साहेब, गॅस कमी झालाय." गॅस भरला जातो. पाहुणे असतात, हॉलही चालू असतो, तोवर सगळं ठीक चालतं. पाहुणे गेले की पुन्हा तेच, पुन्हा गॅस.

डक्टच्या एसीची कामं करताना हे इतक्या घरांत बघितलंय, की आता कुणी फोनवर "बर्फ" म्हटलं की मी आधी विचारतो, "त्या वेळी किती खोल्या चालू होत्या?" उत्तर "एकच" असेल तर गॅसचा सिलिंडर गाडीतच राहू दे.

गॅस हा काही गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपात फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. त्याहून वाईट म्हणजे गॅस पुरेसा असताना वरून आणखी भरला तर दाब वाढतो, कंप्रेसरवर ताण येतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणाऱ्या घराला कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं.

आधी ही चाचणी करा

बर्फ धरलेला असेल तर पहिल्यांदा कूलिंग बंद करा आणि फक्त पंखा चालू ठेवा. सगळे डॅम्पर उघडे राहू द्यात. बर्फ पूर्ण वितळायला काही तास लागतात, तेवढे द्या. स्क्रू-ड्रायव्हरनं बर्फ खरवडू नका. कॉइलचे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याचे, पत्रे नाजूक असतात, आतली नळी फुटली तर मग खरोखरच गॅस जाईल.

बर्फ वितळला की फिल्टर धुऊन, वाळवून बसवा. मग घरातले सगळे थर्मोस्टॅट एकदम खाली आणा, म्हणजे प्रत्येक झोन थंडावा मागेल आणि सगळे डॅम्पर उघडतील. प्रत्येक जाळीखाली हात धरून वारा येतोय का बघा. कुठं येत नसेल तर तो डॅम्पर अडकलाय किंवा त्याची मोटर गेलीय. बऱ्याचदा एवढ्यातच चोर सापडतो.

असं सगळं घर तीन-चार तास चालू द्या. बर्फ धरला नाही, वारा सारखा राहिला, तर मशीन धड आहे, गॅसही बहुतेक धड आहे, आणि दोष झोनच्या मांडणीत आहे. सगळे डॅम्पर उघडे असूनही बर्फ धरला तर कॉइल घाण झालीय, पंखा कमी फिरतोय, नाहीतर गॅस खरंच कमी आहे. त्या वेळी मेकॅनिकला बोलवा आणि गळती शोधून द्यायला सांगा.

एक साधा थर्मामीटर असेल तर आणखी एक गोष्ट करा. मशीनकडे परत जाणाऱ्या हवेचं आणि जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. सगळं घर चालू असताना हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. पावसाळी दमट हवेत थोडा कमी दिसतो, ते चालतं. आता एकाच बेडरूमवर या आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. फरक १५ अंशांच्या पुढे गेला असेल तर बर्फाचं कारण तुमच्या हातात आलं.

असं का होतं

डक्टचं मशीन एका ठरावीक वाऱ्यासाठी बनवलेलं असतं. ढोबळ हिशेब एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट. आपल्याकडे बंगल्यात नेहमी बसणारं ५.५ टनाचं मशीन धरलं तर २,२०० घनफूट. आता वरच्या एका बेडरूमचा डक्ट समजा ४०० घनफुटाचा आहे. रात्री तेवढा एकच डॅम्पर उघडा. मशीनला पूर्ण घराची थंडी तयार करायचीय आणि हवा जायला वाट मात्र एका खोलीची. कॉइलवरून वारा पुरेसा गेला नाही की कॉइलचं तापमान शून्याखाली जातं, हवेतली वाफ तिच्यावर गोठते, बर्फानं वाट आणखी अरुंद होते, वारा आणखी घटतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

ज्यांच्या उसाला ठिबक आहे त्यांना हे लगेच कळतं. पाच एचपीची मोटर आणि उघडा एकच व्हॉल्व्ह असं कुणी चालवत नाही. पाइप फुटतो, नाहीतर मोटर बसते.

आणि इथंच स्मार्ट थर्मोस्टॅटचा संबंध येतो. जुन्या साध्या थर्मोस्टॅटच्या काळात लोक झोन हातानं चालू-बंद करायचे, बहुधा दोन-तीन खोल्या एकदम चालू असायच्या. स्मार्ट थर्मोस्टॅट प्रत्येक खोलीचा हिशेब बारकाईनं करतो. या खोलीत कुणी नाही, बंद कर. त्या खोलीत अर्धा अंश वाढला, चालू कर. एकेका खोलीपुरतं त्याचं बरोबरच असतं. पण शेजारच्या झोनमध्ये काय चाललंय, खाली मशीन केवढं आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. त्याचं काम फक्त मागणी करणं. चार थर्मोस्टॅट चार वेगवेगळ्या वेळी मागणी करतात आणि त्या सगळ्यांखाली एकच कंप्रेसर दिवसभर चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. म्हणून मी प्रत्येक घरात सांगतो: भिंतीवरच्या डब्याकडे त्या खोलीचा रिमोट म्हणून बघू नका.

दुरुस्ती कुठून सुरू करायची

सगळ्यात स्वस्त उपाय सेटिंगमध्ये आहे. चारही थर्मोस्टॅटचं वेळापत्रक जुळवा. रात्रीच्या बेडरूम एकाच वेळी सुरू होऊ द्यात, एक साडेनऊला आणि दुसरी दहाला असं नको. तापमानाची मुभा, म्हणजे सेट केलेल्या आकड्यापासून किती वर गेल्यावर एसी सुरू व्हावा, ती बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये बदलता येते. ती १ अंशाच्या आसपास ठेवा. अर्ध्या अंशापेक्षा कमी मुभेवर झोनचं घर सुखानं चालत नाही. झोन पॅनलमध्ये कमीत कमी किती वेळ चालायचं आणि बंद झाल्यावर किती वेळ थांबायचं हे ठरवायची सोय असेल तर तीही वापरा. कंप्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं तरी विश्रांती हवी. मात्र हा विश्रांतीचा वेळ थर्मोस्टॅट, पॅनल आणि मशीन अशा तिन्ही ठिकाणी लावलेला असेल तर तो साठत जातो आणि "बटण दाबलं तरी दहा मिनिटं काही होत नाही" ही नवी तक्रार येते. एकाच ठिकाणी राहू द्या.

सेटिंगनं भागलं नाही तर झोन एकत्र करा. हे ऐकायला लोकांना आवडत नाही, कारण प्रत्येक खोलीला वेगळा झोन यासाठीच पैसे मोजलेले असतात. पण ज्या मशीनला वेग बदलता येत नाही, त्याचा सगळ्यात लहान झोनसुद्धा एकूण वाऱ्याचा निदान चौथा हिस्सा, शक्य तर तिसरा हिस्सा घेणारा असावा. वरच्या दोन बेडरूम एका झोनमध्ये घेतल्या तर कितीतरी घरांचा बर्फ तेवढ्यावरच थांबतो. झोन एकत्र करायचे नसतील तर बंद डॅम्पर पूर्ण मिटू न देता थोडा उघडा राहील असा अडसर मोटरवर लावता येतो. रिकाम्या खोलीत थोडी थंड हवा जाईल, जाऊ द्या. कॉइल वाचेल.

बायपास डॅम्परबद्दल माझं मत वेगळं आहे. जास्तीची थंड हवा सरळ परतीच्या डक्टमध्ये सोडायची ही युक्ती बऱ्याच ठिकाणी केलेली असते. त्यानं डक्टमधला दाब आणि आवाज कमी होतो हे खरं. पण आधीच थंड झालेली हवा पुन्हा कॉइलवर येते, कॉइल आणखी गार पडते, आणि ज्या बर्फासाठी हा खटाटोप केला तोच लवकर धरतो. त्यापेक्षा ती हवा जिना किंवा पॅसेजसारख्या मोकळ्या जागेत सोडा. उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारे तेवढा डक्टचा तुकडा मापानं बनवून देतात.

इन्व्हर्टरचं मशीन असलेल्यांनी एक गोष्ट जरूर तपासा. या मशीनचा मूळ कंट्रोलर आतल्या बोर्डाशी स्वतःच्या भाषेत बोलतो आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. तो काढून बाहेरचा स्मार्ट थर्मोस्टॅट नुसत्या चालू-बंदच्या तारेवर जोडला, तर मशीनच्या त्या हुशारीवर पाणी पडतं. पैसे इन्व्हर्टरचे आणि चाल साध्या मशीनची. अशा घरात कंपनीचाच कंट्रोलर ठेवून त्यांचा वायफाय मॉड्यूल घेणं मला जास्त बरं वाटतं.

डॅम्पर आपोआप उघडतो, थर्मोस्टॅट मध्येच मरतो

ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा एका तारेशी येऊन थांबतात. अनेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या एसी (अल्टरनेटिंग करंट) पुरवठ्यावर चालतात. आर ही येणारी तार आणि सी ही परतीची. घर बांधताना वायरमननं सी तार ओढलेली नसेल तर थर्मोस्टॅट आपली बॅटरी भरायला वाय तारेतून, म्हणजे कूलिंग मागायच्या तारेतून, थोडाथोडा करंट घेत राहतो. साध्या मशीनला ते खपतं. झोन पॅनलला मात्र कधीकधी तो करंट म्हणजे मागणीच वाटते. मग कुणी काही न करता डॅम्पर उघडतो, रिले टिकटिक करतो, किंवा ज्या खोलीत महिनोन्महिने एसी लावत नाहीत तिथला थर्मोस्टॅट बॅटरी संपून बंद पडतो.

उपाय एकच, सी तार ओढणं. ती झोन पॅनलच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच यायला हवी. आर एका ट्रान्सफॉर्मरची आणि सी दुसऱ्याची असं झालं तर सर्किट पूर्ण होत नाही, आणि चुकून दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांना भिडले तर एखादा जळतो. मीटर लावून आर आणि सी यांच्यामध्ये २४ व्होल्टच्या आसपास मिळतात का बघायला सांगा, आणि तेही सगळे डॅम्पर एकदम हलत असताना. त्या वेळी व्होल्टेज २० च्या खाली घसरलं तर ट्रान्सफॉर्मर लहान पडतोय. झोन वाढवताना डॅम्पर वाढवले, ट्रान्सफॉर्मर तोच ठेवला, असं नेहमी दिसतं.

इथं कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या बऱ्याच डक्टच्या मशीनवर भिंतीतल्या थर्मोस्टॅटला थेट २३० व्होल्ट येतात. ऑनलाइन मागवलेला २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट त्या तारांना जोडला तर तो क्षणात जातो आणि जोडणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. मेन एमसीबी पाडल्याशिवाय आणि मीटरनं बघितल्याशिवाय डबा उघडू नका. घरातल्या पोरांनी व्हिडिओ बघून हे करू नये.

हुशारी कुठं आवरायची

"घरात कुणी नाही" हे ओळखायची सोय झोनच्या घरात फार घोळ करते. बेडरूममधला थर्मोस्टॅट दुपारभर हालचाल बघत नाही आणि स्वतःला बचतीवर टाकतो. आजी झोपलेल्या असतात, त्या हलत नाहीत म्हणून तेही रिकामंच समजतो. बेडरूममध्ये ही सोय बंद ठेवा, हॉलमध्ये हवी तर ठेवा. आपोआप सवयी शिकून वेळापत्रक बनवण्याचंही तसंच. चार डबे चार वेगवेगळी वेळापत्रकं शिकतात आणि त्यांचा मेळ कधीच बसत नाही.

"ऑटो" मोड, म्हणजे गरजेप्रमाणे हीटिंग किंवा कूलिंग, कोल्हापुरात बंदच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण त्यासाठी घर तापवायची गरज क्वचितच पडते. एका खोलीनं हीटिंग मागितलं आणि मशीन फक्त कूलिंगचं असेल तर पॅनल डॅम्पर उघडून नुसता वारा घालत बसतं आणि दुसऱ्या खोलीची कूलिंगची मागणी रांगेत थांबते. मशीन हीट पंपचं, म्हणजे थंड-गरम दोन्ही करणारं, असेल आणि कूलिंग लावल्यावर गरम हवा येत असेल, तर थर्मोस्टॅटमधलं ओ/बी चं, म्हणजे थंड-गरम बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं, सेटिंग उलट झालंय. ते बदललं की काम झालं.

हॉल आणि डायनिंग मध्ये भिंत नसताना दोन झोन केले असतील तर ते दोन थर्मोस्टॅट आयुष्यभर भांडणार. रविवारी मटणाचा बेत असला की स्वयंपाकघराची धग डायनिंगच्या थर्मोस्टॅटला लागते, तो तासन्‌तास कूलिंग मागतो आणि हॉलमधले लोक कुडकुडतात. हवा एक असेल तर झोन एकच करा. वरच्या मजल्याला वेगळाच त्रास असतो. स्लॅब दिवसभर उन्हात तापतो आणि ती उष्णता रात्री दहापर्यंत खाली सोडत राहतो, शिवाय उघड्या जिन्यातून थंड हवा खाली उतरते. तिथं थर्मोस्टॅटशी झटापट करण्यात अर्थ नाही. गच्चीवर पांढरा कोट किंवा चायना मोझॅक करा आणि जिन्याला दार लावता येतं का बघा.

थर्मोस्टॅट मागच्या भोकातूनही फसतो. भिंतीतल्या कन्ड्युट पाइपातून सिलिंगवरची गरम हवा थेट त्याच्या पाठीवर येते आणि खोली २४ असताना तो २७ दाखवतो. ते भोक पुट्टीनं बुजवून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. आकड्याचं म्हणाल तर २४ अंश पुरेत. घरगुती एसींना १ जानेवारी २०२० पासून सरकारनं २४ हाच सुरुवातीचा आकडा ठरवून दिलाय, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं प्रत्येक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. झोनच्या घरात त्याचा दुसरा फायदा असा की १८ वर लावलेली एक खोली रात्रभर एकटीच मशीन ओढत बसत नाही.

पावसाळा आणि वळीव

जून ते सप्टेंबर आपल्याकडे तापमान फारसं नसतं, दमटपणा मात्र अंगाला चिकटतो. थर्मोस्टॅटचा आकडा चटकन गाठला जातो, कंप्रेसर थांबतो, आणि पंखा "ऑन" वर असेल तर कॉइलवर साचलेलं पाणी तोच वारा पुन्हा खोलीत आणून टाकतो. गादी ओलसर, कपाटाला वास. पंखा "ऑटो" वर ठेवा, म्हणजे कंप्रेसरबरोबरच तोही थांबेल. दमटपणा मोजून त्याप्रमाणे थोडं जास्त चालवायची सोय तुमच्या थर्मोस्टॅटमध्ये असेल तर ती याच चार महिन्यांसाठी आहे. जाळीला घाम येत असेल तर डक्टवरचं इन्सुलेशन कुठं उघडं पडलंय ते शोधा. डॅम्परच्या मोटरपाशी ते बहुधा कापलेलंच असतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात लाइट जाते आणि येते. लाइट गेल्या क्षणी डॅम्पर जिथं होते तिथंच राहिलेले असतात, निदान दोन्ही बाजूंनी मोटरवर चालणारे तरी. स्प्रिंगचे असतील तर ते आपल्या मूळ जागी जातात. लाइट आल्यावर काही पॅनल पुन्हा सगळे डॅम्पर एकदा फिरवून जागा पक्की करतात, काही करत नाहीत. वादळानंतर "हॉलची हवा बेडरूममध्ये येतेय" असं झालं तर पॅनलचा पुरवठा बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, मग प्रत्येक झोन एकेकटा लावून जाळीखाली हात धरून बघा. थ्री-फेज मशीन अजिबात सुरू होत नसेल तर थर्मोस्टॅट काढायच्या आधी एक फेज गेलाय का बघा. फेज गेला की संरक्षणाचा रिले मशीन अडवून धरतो आणि ते योग्यच आहे. ॲपवर थर्मोस्टॅट "ऑफलाइन" दिसला तरी घाबरू नका. राउटर उशिरा सुरू होतो, आणि वायफाय नसलं तरी भिंतीवरचा डबा आपलं काम करतच असतो.

नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून झोन पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्या मजल्यावर घ्यावेत. तारा थोड्या लांबतील एवढंच.

ज्यांच्याकडे डॅम्पर नाहीत, प्रत्येक खोलीत वेगळं इनडोअर युनिट आणि गच्चीवर एकच मोठं आउटडोअर आहे, त्यांना वरचं बर्फाचं प्रकरण लागू नाही. तिथं मोडचं भांडण असतं. दोन पाइपांच्या व्यवस्थेत एका खोलीत हीटिंग आणि दुसऱ्या खोलीत कूलिंग एकाच वेळी होत नाही, आणि जिचा मोड जुळत नाही ती खोली नुसती थांबून राहते. सगळ्या खोल्या कूलिंगवर आणल्या की ती सुरू होते.

मेकॅनिकला बोलावताना एवढं लिहून ठेवा: बिघाड झाला तेव्हा कोणते झोन चालू होते, किती वाजता, सगळे डॅम्पर उघडल्यावर काय झालं, आणि दोन्ही तापमानं. पहिल्या दोन गोष्टी ॲपमधल्या रोजच्या नोंदीत मिळतात. हा कागद हातात असताना जो मेकॅनिक तरीही सिलिंडरकडे वळेल, त्याला आधी गळती दाखवायला सांगा.